आशाताईंच्या कामाचा दर

गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना पगार नको, कामागणिक मोबदला द्यावा, या मताचा मी कित्येक वर्षं होतो. आरोग्य खात्यातल्या नोकरीत, आढावा बैठकांत ते मत पक्कं होत गेलं. ठरलेला पगार मिळायला लागला की काम थंडावतं, असं मला वाटे. आज माझं मत नेमकं उलट आहे.

ते बदलायला सुरुवात झाली गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीत, ऐन पावसाळ्यात. बाळ पाच दिवसांचं. तिसऱ्या दिवसाची भेट झालेली, सातव्या दिवसाची व्हायची होती. ही मधली भेट आशाताईंनी मनानंच केली होती. त्यांनी झोळीच्या काट्यावर वजन घेतलं, काखेत थर्मामीटर लावला, मिनिटभर श्वास मोजले. बाळ अंगावर ओढत नव्हतं, तळपाय गार पडलेले. सासूबाई अडून बसल्या, "आज पाचवी हाय. बाळ भाईर काढायचं न्हाई."

"मावशी, पाचवी पुजूया की. पण आधी दवाखाना."

घरचे तयार होईपर्यंत त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. मग बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयापर्यंत सोबत गेल्या. बाळ वाचलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांतल्या सहा भेटींचे मिळून आशाताईंना 250 रुपये. त्या दुपारच्या भेटीला आणि मनधरणीला दरपत्रकात रकानाच नव्हता.

मग मी वाचायला लागलो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आजच्या गृहभेटी त्यातूनच आल्या. पद्धत पुराव्यावरून घेतली, मोबदल्याचं मात्र तसं झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली स्पष्ट सुचवलं, की अशा सेविकांचा मोबदला सर्वस्वी किंवा मुख्यतः कामाच्या मोजणीवर ठेवू नये. ज्याचे पैसे मिळतात तेवढ्यावरच लक्ष जातं आणि बाकीचं मागे पडतं.

ठरलेलं मानधन दिलं आणि देखरेख सुटली तर काम ढिलं पडेल, ही धास्ती मला अजूनही आहे. त्यावर इलाज आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना बळ देण्याचा आहे, आशाताईंचा मोबदला तोडण्याचा नाही.

माझी मागणी एवढीच: गगनबावडा, शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यांत निश्चित मानधन देऊन बघा, शेजारच्या तालुक्यांशी तुलना करा आणि आकडे लोकांसमोर ठेवा.