दुसऱ्या नंबरची खुर्ची

मागच्या महिन्यात मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "पुढचे सहा महिने तू नवीन बॅचला शिकव. कोडिंग सध्या बाजूला ठेव." मनगटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनीच टायपिंग कमी करायला सांगितलेलं, त्यामुळे काही बोलायला जागाच नव्हती. पण खरं सांगू? अठ्ठाविसाव्या वर्षी आपल्याला मैदानाबाहेर बसवलंय असंच वाटलं.

त्या शनिवारी डोकं शांत करायला फुटबॉलबद्दल काहीबाही वाचत बसलो, आणि सिंडी पार्लो सापडली.

ही अमेरिकेची फॉरवर्ड. चांगली उंच, आणि हेडर ही तिची खासियत. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं तेव्हा ती अठरा वर्षांची, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली विद्यार्थिनी. 1999 च्या वर्ल्डकप सेमीफायनलला ब्राझीलविरुद्ध पाचव्याच मिनिटाला हिचा हेडर आणि गोल! तो वर्ल्डकपही त्यांनीच जिंकला. 2004 मध्ये आणखी एक सुवर्ण. एकूण 158 आंतरराष्ट्रीय सामने, 75 गोल.

आणि 2006 मध्ये सगळं थांबलं. डोक्याला बसलेल्या माराचा त्रास जाईना, म्हणून निवृत्ती. वय? अठ्ठावीस.

मग ती गेली परत आपल्याच कॉलेजात. ज्या अ‍ॅन्सन डोरन्सच्या हाताखाली खेळली, त्यांचीच सहायक कोच म्हणून.

सहायक कोचचं काम म्हणजे सराव आखायचा, समोरच्या संघाचे व्हिडिओ बघायचे, शाळांतून चांगल्या खेळाडू हेरायच्या, टीममध्ये न घेतलेल्या पोरीची समजूत काढायची. पेपरात नाव हेड कोचचं. दोन सुवर्णपदकं असलेल्या बाईने हे करायचं? मला तर वाचतानाच कसंतरी झालं.

पण तिने ते काही वर्षं केलं. पुढे 2013 मध्ये हेड कोच म्हणून पोर्टलंड थॉर्न्सला नव्या लीगचं पहिलंच विजेतेपद मिळवून दिलं. 2020 मध्ये अमेरिकन फुटबॉल महासंघाची पहिली महिला अध्यक्ष झाली. तिच्याच काळात, 2022 मध्ये, पुरुष आणि महिला संघांना समान मानधन देणारे करार झाले.

शेवट गोड झाला म्हणून हे सांगत नाहीये. कॉलेजच्या मैदानावर सराव घेताना यातलं काहीच तिला ठाऊक नसणार. तरी ती ते काम करत होती, मला त्याचं जास्त वाटलं.

परवा बॅचमधला एक मुलगा नल पॉइंटरवर तासभर अडकला होता. सवयीने माझा हात त्याच्या कीबोर्डकडे गेला, मनगटात कळ आली, हात मागे घेतला. म्हटलं, "एररची पहिली ओळ मोठ्याने वाच बघू." त्याने वाचली. थांबला. मग स्वतःच हसला आणि दोन मिनिटांत चूक काढली.

मनगट धड असतं, तर मी ते तीस सेकंदांत करून दिलं असतं. आणि तो काहीच शिकला नसता.

असो. सोमवारी नऊला बॅच आहे, झोपतो आता.