घडीचा चाकू

अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना हा घडीचा चाकू घेतला. ग्रेट ईस्टर्न कटलरीचा, पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलचा. पोलाद १०९५, म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन. धार सुरेख लागते, पण गंजतं. किंमत आईला अजून सांगितलेली नाही! बडोद्याला परतल्यावर दोन वर्षं तो डबीतच होता. एकदा बाबांनी त्याने कैरी चिरली नि पातं काळं पडलं. मी नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "आजीच्या विळीचं पातं कधी चकचकीत पाहिलंस?"

आता चाकू रोज खिशात असतो, विमानप्रवास सोडून. पार्सलं, सुतळी, पेरू. रात्री पुसून तेलाचा थेंब लावतो. डाग घासत नाही. बाबांनी मात्र पुन्हा त्याला हात लावलेला नाही. मी पेरू चिरून पुढे करतो, ते फोड तेवढी उचलतात.