कांट्याची साक्ष

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहकुटुंब कुंभार पिंपळगांवीं एका स्नेह्यांकडे निघालों होतों. आमच्या जुन्या जीपचें इंजिन झिजल्यामुळें तींत दुसऱ्या बनावटीचें इंजिन नुकतेंच बसविलें होतें. गांव दोन कोसांवर राहिलें असतां बॉनेटखालून वाफ निघूं लागली. तपमानाचा कांटा मात्र अर्ध्याखालीं स्वस्थ होता! त्यावर विसंबून आम्ही मुलाबाळांसह गाडी हांकीत होतों, हें ध्यानीं येतांच उरांत धडकी भरली.

गाडी कशीबशी गांवांत ओढून नेली. तेथील गॅरेजवाला आमचाच जुना विद्यार्थी निघाला. विज्ञानांत त्यास आम्हींच एकदां नापास केलें होतें. ती गोष्ट दोघांसही आठवली; बोललें कोणीच नाहीं. पंख्याचा सैल पट्टा त्यानें आवळला. "सेन्सर बिघडला आहे, बदलून टाक," आम्हीं अधिकारवाणीनें सांगितलें. तो नम्रपणें म्हणाला, "सर, आधी त्याला विचारून तर पाहूं."

पातेल्यांतील पाण्यांत त्यानें सेन्सर धरला, शेजारीं थर्मामीटर ठेवला, मल्टिमीटरच्या वायरी जोडल्या आणि पाणी तापविलें. तपमान चढे तसतसा विद्युत्‌रोध उतरे. दर दहा अंशांस तो वहींत आंकडा मांडी. सेन्सर निर्दोष होता! मग जुन्या इंजिनाच्या सेन्सराची तशीच परीक्षा घेतली. त्याच तपमानास त्याचा रोध पुष्कळच कमी भरला. कांटा त्या जुन्या मापाचा. म्हणून नव्या सेन्सराचा अधिक रोध पाहून तो कढत पाण्यास कोमट समजत होता.

हल्लींच्या मोटारींत सेन्सरांचें ऐकणारा संगणक असतो. कांहीं इंजिनांच्या दांतेरी चाकावर साठांपैकीं दोन दांते गाळलेले असतात, कांहींवर छत्तिसांपैकीं एक. चाक एका हिशेबाचें व संगणक दुसऱ्या, तर इंजिन सुरूच होत नाहीं.

जुना सेन्सर नव्या इंजिनाच्या आट्यांत बसेना. म्हणून त्यानें लेथवर पितळी बुश कातून आणविला. सेन्सराचें टोंक पाण्यांत बुडेल इतकाच तो आंखूड ठेवला. आट्यांवर टेपही गुंडाळूं दिली नाहीं; कारण एका वायरीच्या सेन्सरास परतीचा विद्युत्‌मार्ग इंजिनाच्या धातूंतूनच मिळतो. आतां कांटा बरोबर चढूं लागला.

खोटी साक्ष देऊं नये हें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस शिकवितों. पण खऱ्या साक्षीदारास आपल्याच मापानें खोटें ठरविणें, हाही अन्यायच. तो मुलगा उत्तरें चुकत होता, कीं आमचाच कांटा दुसऱ्या मापाचा होता, हा प्रश्न परतीच्या वाटेवर आमची पाठ सोडीना.

यंदा नववीच्या वर्गापुढें हाच प्रयोग झाला. तो करून दाखविण्यास आम्हीं त्यासच बोलाविलें होतें. आम्ही मुलांबरोबर बाकावर बसलों.