पडद्यावरची लाल माती

आपल्या सीमाभागात कुस्तीला भाषा कधी आडवी आली नाही. मराठीत तालीम, कन्नडात गरडी, माती तीच. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले. अशा मुलखातला माणूस कुस्तीचे जुने सिनेमे पुन्हा बघायला बसला, की करमणूक बाजूला राहते आणि मन ताळा घेऊ लागतं.

'किंग काँग' (१९६२) आणि 'फौलाद' (१९६३) हे दारासिंगांचे सिनेमे. दारासिंग हाडाचे पैलवान. पण कॅमेऱ्याला त्यांची ताकद हवी होती, पकड नको होती. गडी डोक्यावर उचलून आपटला की टाळ्या! मैदानातली कुस्ती अशी नसते. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून कितीतरी वेळ झटत राहतात. परक्याला वाटतं, हे नुसते उभे काय आहेत? जाणकार मात्र त्यांच्या पायांकडे बघत असतो. सिनेमाला एवढा धीर कुठला?

'नटरंग' (२०१०) वेगळा. निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेवर लागणाऱ्या कागलचे आनंद यादव यांची ही कादंबरी. पैलवानकीचा शौक असलेला गुणा तमाशासाठी नाच्या होतो. कमावलेलं शरीर उतरवताना अतुल कुलकर्णींकडे बघवत नाही. खुराक, जोर, बैठका यांतून उभा राहिलेला देह म्हणजे पुरुषाची गावातली पत असते, हे इथं न सांगता कळतं.

दरम्यान खुद्द कुस्ती बदलली होती. मातीत जोड नजरेनं ठरते, चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. गादीवर वजनगट, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांची मोजणी. मातीचा अभिमान धरणारे गादीला नावं ठेवतात. पण वजनगट होते म्हणूनच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांसारख्या लहान चणीच्या मल्लाला १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळालं.

'दंगल'नं (२०१६) ही गुणांची कुस्ती घराघरांत समजावली. त्यातला अंतिम सामना शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेला आहे. प्रत्यक्षात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं तो एकतर्फी जिंकला होता. सिनेमानं तिखटमीठ लावलं, तरी एक काम मोठं केलं. ज्या आखाड्याच्या मातीला बाईचा पाय लागू देत नसत, त्या खेळात आपल्या मुलीला घालायचं धाडस त्यानं बापांना दिलं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली.

म्हणून गादीशी माझं भांडण नाही. तिनं लहान चणीच्या मल्लाला आणि मुलींना न्याय दिला. रुखरुख आहे ती दुसरीच. खंचनाळे १४ डिसेंबर २०२० रोजी गेले. त्यांच्या पिढीचे वस्ताद आणि जाणकार प्रेक्षक एकेक करत जात आहेत. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या मातीत दोन गडी खडाखडी करतात, हलगी मंदावते, आणि मराठी-कानडी सगळं मैदान श्वास धरून बसतं. ती शांतता पडद्यावर अजून कुणी उतरवलेली मी पाहिली नाही. ती जाणणारी माणसं आहेत, तोवर हे काम व्हायला हवं.