विळ्याचे पाणी

आमच्या आईची डाव्या हाताची करंगळी अखेरपर्यंत वाकडीच राहिली. ती विळ्याने कापली होती. पण दोष विळ्याचा नव्हता, माझा होता.

१९७९ सालची गोष्ट. गव्हाची सोंगणी तोंडावर आली आणि आईच्या विळ्याची मूठ फुटली. नवी मूठ बसवायची तर आत अडकलेले जुने लाकूड काढायला हवे. मी तेव्हा चौदा वर्षांचा. कोरत कोण बसतो, म्हणून विळा सरळ चुलीत सारला. लाकूड जळाले, पातेही लाल झाले. ते राखेत निवू दिले, नवी मूठ ठोकली, दगडावर धार लावली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी दोन वाफे होताहेत तोच धार मुडपली. आई पुन्हा पुन्हा घासायची, विळा पुन्हा बोथट व्हायचा. ती जोर लावू लागली. दुपारी पाते काड्यांवरून सटकले ते थेट मुठीतल्या करंगळीवर. तालुक्याला नेऊन टाके घालावे लागले.

वडिलांनी मला मारले नाही. एवढेच म्हणाले, "विळा घे आणि लोहारमामांकडे जा. काय केलंस ते तूच सांग."

मामांनी धारेवर कानस ओढली. ती कचकन रुतली. "पोरा, ह्याचं पाणी घालवलंस की रं!" म्हणाले. मग मला भाता ओढायला बसवले आणि काम करता करता समजावत गेले.

विळा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा होता. खिडकीच्या गजाचे साधे लोखंड कितीही तापवून विझवले तरी धार धरण्याइतके कडक होत नाही, कारण त्यात कार्बन फार थोडा. पाट्याच्या पोलादात तो शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो, म्हणून ते पाणी धरते. लालबुंद पाते एकदम विझवले की कडक होते. तेच लाल करून सावकाश निवू दिले की मऊ पडते. मी चुलीत नेमके हेच केले होते.

मामांनी धार ठोकून पातळ केली, पाते लाल केले आणि विझवले. "आता हे काचंवाणी झालंय. आपटलं तर तुकडा उडंल," म्हणाले. म्हणून धार घासून उजळ केली आणि मंद आचेवर पुन्हा तापवली. उजळ लोखंडावर आधी गवती पिवळा रंग आला, मग तांबूस. तिथेच पाते पाण्यात घातले. कुऱ्हाडीला घाव सोसायचे असतात, म्हणून तिला जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत जाऊ द्यायचे; तेवढी कडकपणा सोडते, पण तुटत नाही. या वेळी कानस धारेवरून नुसती घसरली.

त्या विळ्याने पुढे आमच्या कितीतरी सुग्या काढल्या.

आजही कोणी मूठ काढायला विळा चुलीत घालताना दिसले की मी हात धरतो. लाकूड कोरून काढा. यंत्राच्या सहाणेवर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवा. धार निळी पडली की पाणी उतरलेच समजा. धारदार विळ्याला आपण भितो, पण बोट जाते ते बहुधा बोथट विळ्याने. आईने मला त्यावरून कधी बोल लावला नाही. भाकरी थापताना तिची ती करंगळी तेवढी वेगळी उभी राहायची.