नवी नव्हे, नव्यासारखी

मोटारीची किंमत सर्वांत झपाट्याने उतरते ती पहिल्या मालकाच्या हाती. विमा उतरविताना रूढ असलेले कोष्टकच पाहा : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि पाचव्या वर्षी ५०. म्हणजे दहा लाखांच्या गाडीचे विमामूल्य दीड वर्षाने आठ लाख धरले जाते. बाजारभाव याहून निराळा असेल, पण उतरण तीच.

मग वर्ष-दीड वर्ष वापरलेली गाडी घेणे शहाणपणाचे नव्हे काय? माझ्या मते आहे, पण एका अटीवर. मालक ती इतक्या लवकर का विकतो आहे, याचे पटण्याजोगे उत्तर आपणांस मिळाले पाहिजे. बदली किंवा न झेपणारा हप्ता हा गाडीचा दोष नव्हे. परंतु पुरात बुडालेली गाडीही वरून लखलखीत दिसते. आसनाखालचा गंज आणि कुबट वास तेवढा शोधावा लागतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहाव्यात आणि ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा.

नोंदणीपत्रावर कर्जाचा बोजा नाही ना, हेही पाहावे. परराज्यातील गाडी कायमची आपल्याकडे आणावयाची, तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपल्या राज्याचा कर हिशेबात धरावा.

घसारा आकड्यांत मांडता येतो, भरवसा मात्र पारखूनच घ्यावा लागतो. मुले मागे निजलेली असताना रात्री घाट चढायचा असतो, तो त्याच्याच बळावर.