तीन ओळींचा शहाणपणा

गेल्या वर्षी एका गुरुवारी माझे हात शिवशिवले, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

आमच्या हजेरीच्या मशीनवर लिनक्सवर बांधलेली आमचीच ऑपरेटिंग सिस्टिम चालते. तिच्यात एक फंक्शन आहे. डेटा वाचायचा आणि किती बाइट वाचले ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. डेटा संपला की ते शून्य देईल असं डॉक्युमेंटेशनमधे लिहिलेलं, प्रत्यक्षात द्यायचं उणे एक. म्हटलं, च्यायला, हा तर सरळसरळ बग! स्टेबल रिलीजच्या पुढच्या पॅचमधे तीन ओळी बदलल्या. टेस्ट पास, रिव्ह्यू पास, स्वारी खुशीत घरी.

शनिवारी पहाटे फोन. एका ग्राहकाचा प्रोग्राम 'उणे उत्तर येईपर्यंत वाचत राहा' असा लिहिलेला होता. उणे काही येईना, म्हणून तो बिचारा रात्रभर वाचतच राहिला. लॉगने डिस्क भरली, मशीन बंद पडली आणि सातच्या पाळीचे कामगार गेटबाहेर ताटकळले.

"पण चूक त्यांची आहे ना? डॉक्युमेंटेशन वाचायला नको?" मी म्हटलं. आमचा लीड शांतपणे म्हणाला, "अरे, फंक्शन इतकी वर्षं जसं चालतंय, ते बघूनच त्यांनी कोड लिहिला. बदललंस तू."

मग त्याने मला २०१० सालची एक गोष्ट सांगितली. जीलिबसी ही लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी लायब्ररी. तिच्यातलं मेमकॉपी हे फंक्शन मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवतं. नियम असा, की दोन्ही जागा एकमेकींवर येता कामा नयेत; येत असतील तर मेममूव्ह वापरा. काही इंटेल प्रोसेसरवर वेग मिळावा म्हणून मेमकॉपी पुढून मागे ऐवजी मागून पुढे उतरवायला लागली. नियमाला धरूनच! पण फेडोरा १४ वर ६४ बिट फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला. फ्लॅशने नियम मोडला होता, पण आधीच्या पद्धतीत ते खपून जात होतं. लायनस टोरवाल्ड्स त्या वादात उतरला. चूक कोणाची याच्याशी वापरणाऱ्याला काय देणंघेणं, असा त्याचा सूर होता. पुढे २०११ मधे जीलिबसी २.१४ ने तोडगा काढला. नव्याने लिंक केलेल्या प्रोग्रामना नवी मेमकॉपी, जुन्या बायनरींना जुन्यासारखी वागणारी. दोघेही खूश.

गावाकडे एसटीच्या थांब्याची पाटी एकीकडे असते आणि गाडी थांबते वडापाशी. माणसंही वडापाशीच उभी राहतात. एखाद्या दिवशी नव्या ड्रायव्हरने नियमाप्रमाणे पाटीपाशी गाडी थांबवली, तर चूक कोणाची?

म्हणजे कधीच काही बदलायचं नाही का? तसंही नाही. लिनक्स कर्नलच्या आतले इंटरफेस सतत बदलतात, कारण ते वापरणारा कोड शेजारीच असतो. बदलणाराच तोही दुरुस्त करतो. बाहेरच्या प्रोग्रामना दिसणाऱ्या सिस्टिम कॉलना मात्र सहसा हात लावत नाहीत. बाहेर कोण काय धरून बसलंय, कोणाला ठाऊक?

आणि कधीकधी बाहेरचंही बदलावंच लागतं. सी भाषेतलं गेट्स घ्या. इनपुट किती लांब असू शकतं हे त्याला सांगायची सोयच नव्हती, त्यामुळे ते सुरक्षितपणे वापरणं अशक्य. २०११ च्या स्टँडर्डमधून ते काढलं. तरीही जीलिबसीने जुन्या प्रोग्रामसाठी ते आत ठेवलंय.

माझा बग तसा नव्हता. उणे एकने कोणाचंही काही बिघडत नव्हतं. खुपत होतं ते फक्त मला.

सोमवारी मी त्या तीन ओळी परत जशाच्या तशा केल्या. डॉक्युमेंटेशनमधे शून्याच्या जागी उणे एक लिहिलं. नीट वागणारं नवं फंक्शन वेगळ्या नावाने पुढच्या मोठ्या रिलीजसाठी ठेवलं, आणि जुनं कधी जाणार ते ग्राहकांना आधी कळवायचं ठरलं.

आता स्टेबल ब्रांचवर हात शिवशिवले की आधी स्वतःला विचारतो, हे असंच ठेवलं तर कोणाचं नुकसान आहे? उत्तर 'माझ्या डोळ्यांचं' असं आलं, की गुपचूप चहा प्यायला जातो.